वाळूतला घेवडा आणि कागदाची पट्टी

एकाच रोपाची दोन पानं माझ्या टेबलावर ठेवून तो शेतकरी म्हणाला होता, "मॅडम, रिपोर्टमध्ये सगळं भरपूर आहे. पानंही हिरवी आहेत. मग शेंगा का भरत नाहीत?"

मी माती तपासते. एकवीस वर्षं झाली. नमुना सावलीत वाळवायचा, कुटायचा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा, मग एकेका अन्नद्रव्यासाठी वेगळं द्रावण. स्फुरद म्हणजे फॉस्फरस; त्यासाठी ओल्सेनच्या पद्धतीनं सोडियम बायकार्बोनेटमध्ये अर्धा तास हलवायचं, गाळायचं आणि निळा रंग किती गडद येतो ते मोजायचं. पालाश, म्हणजे पोटॅशियमसाठी अमोनियम ॲसिटेट आणि फ्लेम फोटोमीटर. त्याच्या मातीत स्फुरद पुरेसं होतं, पालाश तर खूपच जास्त. माती रेताड, सामू (पीएच) कमी, म्हणजे आम्लधर्मी. मी कागद बघितला, पानं बघितली आणि सांगितलं, "खताची कमतरता दिसत नाही. पाण्याच्या पाळ्या बघा."

तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा खालच्या पानांच्या शिरा हिरव्या होत्या आणि शिरांमधला सगळा भाग पिवळा पडला होता. मॅग्नेशियमची कमतरता. आमच्या नेहमीच्या तपासणीत मॅग्नेशियम नव्हतंच. रेताड, आम्लधर्मी जमिनीत ते मुळातच कमी असतं, पाण्याबरोबर खाली निघून जातं. त्यात पीक अशक्त दिसतंय म्हणून हा माणूस दर हंगामात पालाश टाकत गेला होता. मुळांपाशी पोटॅशियमची इतकी गर्दी झाली, की मॅग्नेशियमला आत शिरायला वाव उरला नाही. माझा सल्ला चुकीचा होता. त्याचं पीक पूर्ण गेलं नाही, पण तीन आठवडे गेले, आणि ते दाणे भरायचे आठवडे होते.

तेव्हापासून एक गोष्ट मनात टोचत राहिली. शेंगा आधी अडल्या, पिवळेपणा नंतर आला. म्हणजे पान हिरवं दिसत असतानाच त्याचं काम बिघडलेलं होतं. नेमकं कुठे?

ते बघायला मी घरी वाळूत घेवडा लावला. वाळू आधी सौम्य आम्लात भिजवून, ऊर्ध्वपातित पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन घेतली, कारण साध्या वाळूतही रोपाला पुरेल इतकं काहीतरी सापडतंच. अन्नद्रव्यं द्यायला हॉगलंडचं द्रावण. काही कुंड्यांना पूर्ण द्रावण. काहींना मॅग्नेशियम सल्फेट काढून त्याऐवजी पोटॅशियम सल्फेट घातलेलं, म्हणजे गंधक मिळावं पण मॅग्नेशियम मिळू नये. काहींना नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं, काहींना स्फुरद अगदी थोडं. पहिले दहा दिवस सगळ्या कुंड्या अगदी सारख्या दिसत होत्या. बियाण्याच्या दोन डाळिंब्यांत रोपाची शिदोरी असते. ती संपेपर्यंत माती काय देते आणि काय देत नाही हे कळतच नाही. पहिली तीनपानी पालवी आल्यावर मी सगळ्या रोपांच्या डाळिंब्या खुडून टाकल्या.

अठराव्या दिवशी मॅग्नेशियम नसलेली रोपं किंचित बुटकी होती, एवढंच. पानं हिरवी. मी उजाडायच्या आधी दोन्ही गटांतलं एकेक पान तोडलं. आधी उकळत्या पाण्यात, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये, म्हणजे हिरवा रंग निघून जातो. मग पांढऱ्या पडलेल्या पानावर आयोडीन. निरोगी पान रात्रभरात दिवसा साठवलेला स्टार्च मोडून त्याची साखर मुळांकडे आणि वाढणाऱ्या शेंड्याकडे पाठवून देतं, त्यामुळे पहाटे त्याच्यावर आयोडीनचा फक्त फिकट तपकिरी डाग पडतो. तसाच पडला. मॅग्नेशियम नसलेलं पान मात्र निळंकाळं झालं. रात्र उलटून गेली तरी माल जागेवरच होता.

मी ते पान बशीत ठेवून बराच वेळ बघत बसले. प्रकाशसंश्लेषणाची आपल्याला शिकवलेली गोष्ट प्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड इथे सुरू होऊन साखर तयार झाली की संपते. पण साखर बाहेर गेली नाही तर पुढची साखर बनवणं पान हळूहळू बंद करतं. रसवाहिन्यांमध्ये साखर चढवायला ऊर्जा लागते. ही ऊर्जा देणारा एटीपी एकटा काम करत नाही, त्याच्याबरोबर मॅग्नेशियमचा आयन जोडलेला असावा लागतो. मॅग्नेशियम कमी झालं की सर्वात आधी ही लोडिंगची जागा अडते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो हे सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं, आणि म्हणून मॅग्नेशियमची कमतरता म्हणजे पिवळेपणा असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पण पानातल्या मॅग्नेशियमचा लहान वाटाच हरितद्रव्यात असतो. बाकीचं असंख्य इतर कामांत गुंतलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला (एन्झाइमला) जागं करायलाही मॅग्नेशियमच लागतं.

मग पिवळेपणा येतो कुठून? याचं उत्तर मला कागदाच्या पट्टीनं दिलं. कल्पना माझी नव्हे. 1989 मध्ये होर्स्ट मार्शनर आणि इस्माईल चाकमाक या संशोधकांनी घेवड्यावरच दाखवलं होतं की जस्त, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी असलेल्या रोपांची पानं तीव्र प्रकाशात जास्त पिवळी पडतात आणि करपतात, आणि त्याच पानाचा सावली केलेला भाग हिरवा राहतो. मी फिल्टर पेपरची बोटभर रुंद पट्टी एका पानावर आडवी, हलकेच चिकटवली. सव्वीसाव्या दिवशी काढली. दोन्ही बाजूंचं पान पिवळं पडलेलं, आणि मधे सरळ कडांची हिरवी पट्टी. त्या हिरव्या भागाला जास्त मॅग्नेशियम मिळालं नव्हतं. त्याच्यावर फक्त ऊन कमी पडलं होतं.

पान प्रकाश पकडतं, पण साखर पुढे सरकत नाही म्हणून पकडलेली ऊर्जा वापरली जात नाही. ती ऊर्जा मग प्राणवायूवर जाते, त्याची आक्रमक रूपं तयार होतात आणि ती हरितद्रव्यालाच खातात. म्हणजे माझ्या शेतकऱ्याच्या शेतातलं पान पिवळं पडलं ते उपासमारीनं जेवढं, तेवढंच अडलेल्या उन्हानं. शिरांच्या मधला भाग पिवळा होईपर्यंत आतला तंटा कित्येक दिवस जुना झालेला होता. हे वाचून माहीत असणं वेगळं. मी ते पान अजून वहीत दाबून ठेवलं आहे.

नत्राच्या कुंड्यांनी वेगळंच दाखवलं. तिथे सगळं रोपच फिकट, आणि खालची पानं आधी. ते का, हे समजायला रुबिस्कोचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. हवेतल्या कार्बनला पहिल्यांदा हात घालणारं विकर हेच, आणि ते विलक्षण संथ आहे: एक क्रियाकेंद्र सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू जोडतं. त्यातही ते चुकतं, मधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूच पकडतं. इतक्या संथ कामगाराकडून काम करून घ्यायचं तर कामगार प्रचंड संख्येनं ठेवावे लागतात. म्हणून पानातल्या नत्राचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्याच्या पिशव्यांत असतो, आणि घेवडा, गहू, भात यांसारख्या पिकांत त्यातला मोठा वाटा एकट्या रुबिस्कोकडे. जमिनीतलं नत्र घटलं की पान हे कामगार कमी करतं. मक्याची गोष्ट निराळी. तो कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून, दाट करून रुबिस्कोपुढे ठेवतो, त्यामुळे त्याला हे विकर बरंच कमी पुरतं आणि पानातल्या तेवढ्याच नत्रात तो जास्त कार्बन बांधतो.

नत्र हलतं. खालच्या, सावलीतल्या पानातलं रुबिस्को मोडून ते वरच्या, उन्हातल्या पानाकडे पाठवतं रोप. दाणे भरायला लागले की हेच आणखी जोरात होतं. दाण्यातल्या प्रथिनांसाठी पान स्वतःची यंत्रसामग्री उतरवून देतं. ज्या पानानं दाण्याला साखर पुरवायची, तेच पान दाण्यासाठी स्वतःला मोडत असतं. पीक पिवळं होत पिकतं ते यामुळे. मातीतून त्या वेळी नत्र येत राहिलं तर पान काही दिवस जास्त टिकतं. वेळेआधी आटलं तर पान लवकर रिकामं होतं आणि दाणा हलका राहतो.

म्हणून नत्र ओतत राहावं असं मात्र मुळीच नाही, आणि हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. नत्र वाढवलं की पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग आधी जवळजवळ सरळ रेषेत वाढतो, मग रेषा वाकते आणि सपाट होते. त्यापुढचं रुबिस्को कामाशिवाय पडून असलेला नत्राचा साठा असतो. शिवाय पानं इतकी दाट होतात की वरची पानं खालच्यांवर सावली धरतात, खोड लांबतं, पीक लोळतं. शेत मात्र फार सुंदर दिसतं. क्लोरोफिल मीटर पानाला चिमटीत धरून 650 आणि 940 नॅनोमीटरचा प्रकाश किती आरपार जातो ते बघतो आणि हिरवेपणाचा आकडा देतो. उपयोगी यंत्र आहे, मी वापरते. पण ते हरितद्रव्य मोजतं, रुबिस्को नाही, आणि पान साखर बाहेर पाठवतंय की नाही हे तर मुळीच सांगत नाही. माझ्या अठराव्या दिवसाच्या पानानं त्या मीटरलाही फसवलं असतं.

सर्वात जास्त फसवलं ते स्फुरद कमी असलेल्या रोपांनी. ती पूर्ण द्रावणातल्या रोपांपेक्षा जास्त गडद हिरवी होती! शेजारच्या मुलीला मी विचारलं, यातलं सर्वात तब्येतीचं कुठलं, तर तिनं नेमकं त्याच कुंडीकडे बोट दाखवलं. गडद रंगाचं कारण असं की स्फुरद कमी पडलं की पानाचा पसरण्याचा वेग हिरवेपणापेक्षा जास्त घटतो. तितकंच हरितद्रव्य लहान पानात दाटून बसतं. पुढे काही पिकांत पानांवर जांभळी झाक येते, ती नंतरची गोष्ट. आत अडचण ही असते: हरितलवकातून साखरेचा तीन कार्बनी तुकडा बाहेर पडतो तो फुकट नाही, एका तुकड्याच्या बदल्यात फॉस्फेटचा एक आयन आत यावा लागतो. दारावरची ही अदलाबदल आहे. बाहेर फॉस्फेट नसेल तर तुकडा आतच अडकतो आणि त्याचा स्टार्च होतो. म्हणजे इथेही अडवणूकच, फक्त दार वेगळं. मॅग्नेशियमच्या बाबतीत पेशीतून रसवाहिनीत जाताना, स्फुरदाच्या बाबतीत त्याच्याही आधी, हरितलवकाच्या उंबऱ्यावर.

पालाशचा प्रयोग मी केला नाही, तो शेतात इतका दिसतो की गरज वाटली नाही. पर्णरंध्राच्या दोन रक्षक पेशींत पोटॅशियम शिरतं, मागून पाणी शिरतं, त्या फुगतात आणि दार उघडतं. पालाश कमी असलं की दारं आळसावतात, धड उघडत नाहीत, धड मिटत नाहीत. खालच्या पानांच्या कडा करपतात.

लोहाबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण माझ्याकडे येणारा सर्वात गोंधळात टाकणारा अहवाल त्याचाच असतो. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, कधी अगदी पांढुरकी, शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसते. केवडा पडलाय म्हणतात तोच. कोवळीच का? कारण लोह जुन्या पानातून सहजी हलत नाही. नव्या पानाला रोजचं ताजं लोह मुळांकडूनच यायला हवं. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, पण तो रेणू बनवायच्या वाटेवर लोह लागतं, आणि प्रकाशातली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या रूपानं पुढे नेणाऱ्या साखळीत तर जागोजागी लोह आहे. प्रकाशप्रणाली एक म्हणतात त्या एकाच संचात लोहाचे बारा अणू असतात.

आता गंमत बघा. अशा जमिनीत लोह भरपूर असतं, मातीला तांबूस रंग देण्याइतकं. पण चुनखडीच्या जमिनीत सामू आठाच्या आसपास असतो, आणि सामू एका अंकानं वाढला की पाण्यात विरघळलेल्या फेरिक आयनाचं प्रमाण हजारपटीनं घटतं. रोपं हातावर हात ठेवून बसत नाहीत. घेवड्यासारखी पिकं मुळांतून आम्ल सोडतात आणि लोहाचं रूप बदलून ते आत घेतात. गहू-मक्यासारखी गवतवर्गीय पिकं लोहाला पकडून आणणारे खास रेणू मातीत सोडतात. पण बायकार्बोनेट जास्त असलं की पहिल्या गटाची ही धडपड वाया जाते. आणखी एक चकवा: असं पिवळं पान वाळवून, जाळून तपासलं तर कित्येकदा त्यात एकूण लोह हिरव्या पानाइतकंच भरतं. लोह पानापर्यंत पोचलेलं असतं, पण कामाच्या जागी, कामाच्या रूपात नसतं. म्हणून मी नुसता एकूण लोहाचा आकडा हातात घेऊन कोणाला काही सांगत नाही. फ्रान्समध्ये 1840 च्या दशकात युजेन ग्रीस यांनी पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून ती हिरवी करून दाखवली होती. तो प्रयोग आजही तितकाच खरा आहे. अडचण खरंच लोहाचीच आहे का, हे ताडायला पानावर फेरस सल्फेटचं अगदी सौम्य द्रावण लावून आठवडाभर वाट बघणं ही पहिली पायरी मी सुचवते.

मंगल (मँगनीज) लोक नावापुरतं लक्षात ठेवतात. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू पानात पाणी फुटून येतो, आणि पाणी फोडणारं केंद्र म्हणजे मंगलचे चार अणू, कॅल्शियमचा एक, आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पाच. एवढंच. जपानमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये त्याची रचना अणू-अणू ओळखता येतील इतक्या बारकाईनं टिपली. कोरड्या वाळलेल्या पानाच्या एक किलो वजनात मंगल असतं पन्नासेक मिलिग्रॅम. मोठ्या चिमटीएवढंही नाही, पण ते कमी झालं की पानाचा पहिला दांडा तिथेच निखळतो, रंग दिसायच्या आधी.

हे प्रमाण डोक्यात आलं की मला यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट आठवतात. त्यांनी 200 पौंड वाळवलेल्या मातीत विलोचं 5 पौंडांचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांच्या वर गेलं आणि माती परत वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी भरली. 1648 मध्ये छापलेल्या त्यांच्या लिखाणात निष्कर्ष आहे की झाड पाण्यातूनच झालं. हवेचा वाटा त्यांना दिसणं तेव्हा शक्य नव्हतं, आणि त्या दोन औंसांना त्यांनी महत्त्व दिलं नाही. माझं एकवीस वर्षांचं काम त्या दोन औंसांत आहे. बाकीचं सगळं वजन हवेनं आणि पाण्यानं दिलं हे खरं, पण ते बांधणारी यंत्रं त्या दोन औंसांची होती.

त्यामुळे अहवालावरचा आकडा मी आता वेगळ्या नजरेनं वाचते. तो सांगतो की माझ्या द्रावणानं अर्ध्या तासात मातीतून काय ओढलं. मुळानं काय ओढलं ते तो सांगत नाही. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. फॉस्फेट मातीच्या कणांना धरून राहतं आणि काही मिलिमीटर सरकायलाही वेळ घेतं, त्याच्यापर्यंत मुळालाच किंवा मुळावरच्या बुरशीच्या धाग्यांना जावं लागतं. माती थंड असली, चिबड असली, कोरडी पडली, तर आकडा तोच राहतो आणि पान उपाशी राहतं. म्हणून मी माणसाला विचारते: जुनी पानं आधी बिघडली की कोवळी? शिरा हिरव्या आहेत की त्याही फिकट? गेल्या तीन हंगामांत कुठलं खत सगळ्यात जास्त टाकलंत? हा तिसरा प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता, तर पालाशचा मोठा आकडा मला शाबासकीसारखा दिसला नसता.

तो शेतकरी नंतर एकदा काही कामानं आला, तेव्हा मी कुंड्या उपटायच्याच होते. त्याला थांबवून घेतलं. पूर्ण द्रावणातलं, मॅग्नेशियम नसलेलं आणि स्फुरद कमी असलेलं अशी तीन रोपं पाण्याखाली धरून वाळू धुऊन काढली आणि एका ट्रेमध्ये शेजारी शेजारी मांडली. स्फुरद कमी असलेल्या रोपाचा वरचा भाग लहान, पण मुळं त्या मानानं भरपूर; आहे ती साखर त्यानं शोधमोहिमेवर खर्च केली होती. मॅग्नेशियम नसलेल्याचं उलटं. वर पानं बऱ्यापैकी, आणि खाली चार-सहा बारीक, आखूड दोरे. साखर खाली पोचलीच नव्हती.

त्यानं ते दोरे बोटावर घेऊन निरखले. "मुळं एवढीशी," तो म्हणाला, "मग पिवळं पडल्यावर मी जमिनीत टाकलेलं मॅग्नेशियम रोपानं घेतलं कशानं असेल?"

फार कमी घेतलं असणार. तेव्हा मी त्याला मॅग्नेशियम सल्फेट मातीत द्यायला सांगितलं होतं आणि तेवढ्यावर थांबले होते. अशा वेळी आधी पानांवर एक-दोन टक्क्यांची फवारणी, उतरत्या उन्हात, आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा. पानातला माल हलू लागला, मुळांना साखर मिळाली, की मग जमिनीतून. हे त्याला सांगितलं, आणि त्याच्या अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहूनही दिलं.